दिवेलागणीचं व्हेनिस: प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर

नवीन मोठं काम सुरू करतेय. विषय व्हेनिस, वेळ सूर्य मावळून पंधरावीस मिनिटं झालेली, म्हणजे आकाशात अजून उजेड आहे पण काठावरचे दिवे लागलेत. जागा रीवा देग्ली स्क्यावोनी या लांब घाटाचा पूर्वेकडचा भाग, तिथून पश्चिमेकडे तोंड केलं की डावीकडे सान जॉर्जो माज्जोरे हे बेटावरचं चर्च, लांब समोर साल्युते चर्चचा घुमट आणि मध्ये नुसतं पाणी पसरलेलं. ६० बाय ९० सेंमी, लिननवर तैलरंग.

तिथे उभं राहून केलेली पेन्सिल स्केचेस आहेत, ग्वाशचे (अपारदर्शक जलरंगाचे) छोटे तुकडे आहेत आणि वहीत रंगांच्या नोंदी आहेत. फोटो पण आहेत भरपूर, पण ते फक्त इमारतींची प्रमाणं तपासायला वापरणार, कारण या वेळेचा फोटो म्हणजे दिवा पांढरा फटक आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं काळं, किंवा मग आकाश छान आणि दिव्याला रंगच नाही. डोळ्याला मात्र दोन्ही एकाच वेळी दिसतं, दिव्यातला नारिंगीपणा पण आणि त्याच्या मागच्या भिंतीतला जांभळट राखाडी पण. मला नेमकं तेच पाहिजे आहे.

चित्रकार व्हिसलरची पद्धत या बाबतीत फार कामाची आहे. थेम्सची रात्रीची चित्रं करताना तो आधी दृश्याकडे टक लावून बघायचा, मग पाठ फिरवून बरोबरच्या माणसाला सगळं तोंडी सांगायचा, कुठे काय गडद, कुठे कुठला दिवा, आणि चुकलं की परत वळून बघायचं. चित्र नंतर स्टुडिओत. मी वहीतल्या नोंदी अशाच केल्यात, बघायचं, मान वळवायची, लिहायचं. आज वाचताना लक्षात येतंय की त्यात रंगांची नावं कमी आहेत आणि "याच्यापेक्षा गडद", "त्याच्याएवढंच", "वेगळं कळतच नाही" असलं जास्त आहे. बहुतेक सगळं चित्र त्या "वेगळं कळतच नाही"वरच उभं राहणार आहे.

८ ऑक्टोबर

कंपोझिशन. मोठा प्रश्न सान मार्कोच्या कँपानिलेचा, म्हणजे घंटेच्या मनोऱ्याचा, उजवीकडे तो उभा दिसतोच, जवळजवळ ९९ मीटर उंच, आणि फ्रेममध्ये आला की डोळा आधी तिकडेच जातो. फ्रेंच चित्रकार मोने १९०८ मध्ये इथे आला तेव्हा त्याला हा प्रश्न पडलाच नसणार, कारण जुना कँपानिले १४ जुलै १९०२ ला कोसळला होता आणि नवा पूर्ण झाला १९१२ मध्ये. त्याच्या संध्याकाळच्या चित्रात सान जॉर्जोचा मनोराच एकटा उंच आहे, आणि त्या एकटेपणावर बरंच काही अवलंबून आहे असं मला वाटतं.

मी कँपानिले फ्रेमच्या बाहेर ठेवतेय. उजव्या कडेला फक्त रीवाचा वळत जाणारा काठ आणि दिव्यांची ओळ. क्षितिजरेषा मधोमध नाही, थोडी वर, म्हणजे पाण्याला साठेक टक्के जागा मिळेल. खाली उजवीकडे पाण्यात रोवलेले दोन लाकडी खांब, चित्रातलं सगळ्यात गडद तेवढंच.

१२ ऑक्टोबर

आज फक्त काळापांढरा. रंग नाही, कोळसा आणि खोडरबर, तळहाताएवढे व्हॅल्यू स्टडीज, म्हणजे फक्त उजळ-गडदपणाचे अभ्यास.

याच्यावर जरा सविस्तर लिहून ठेवते कारण पुढे रंगात गुंतले की हे विसरायला होतं. पांढऱ्याला १० आणि काळ्याला १ धरलं, तर या वेळेला क्षितिजाजवळचं आकाश साधारण ७, वरचं आकाश ५, लांबच्या इमारती ४, पाणी ४ ते ६च्या मध्ये फिरतं. म्हणजे जवळजवळ सगळं चित्र ४ ते ७मध्येच. दिवे ९, खांब २, आणि हे दोन्ही मिळून कॅनव्हासचा अगदी छोटा भाग. हाच स्टडी मी ताणून केला, आकाश ९, इमारती २, बाकी सगळं जसंच्या तसं, तर झालं एक टुरिस्ट पोस्टर. रेखाटन तेच, जागा तीच, पण संध्याकाळ गेली. मूड जो म्हणतो तो माझ्या मते या अंतरातच असतो, निळा लावला म्हणून उदास आणि नारिंगी लावला म्हणून उबदार असं सरळ गणित नाहीये ते. व्हॅल्यू एकमेकींच्या जवळ आणल्या की कडा आपोआप विरघळायला लागतात, बघणाऱ्याला वस्तू शोधावी लागते, आणि ते शोधणं म्हणजेच कातरवेळेचा अनुभव.

मोनेचं 'इंप्रेशन, सनराइज' याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. १८७२ चं, ल हाव्र बंदराचं. त्यातला तो केशरी सूर्य कसला पेटलेला वाटतो, पण चित्राचा काळापांढरा फोटो काढला तर सूर्य जवळपास गायब होतो, कारण त्याचा उजळपणा मागच्या राखाडी आकाशाएवढाच ठेवलाय. हार्वर्डच्या मेंदूशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी याचं स्पष्टीकरण दिलंय, की मेंदूचा जो भाग वस्तू कुठे आहे, हलतेय का हे ठरवतो तो फक्त उजळपणावर चालतो, त्याला रंग कळत नाही, म्हणून त्याच्या दृष्टीने तो सूर्य तिथे नाहीच, आणि रंग ओळखणारा भाग म्हणतो की आहे. दोघांचं जुळत नाही आणि सूर्य थरथरल्यासारखा वाटतो. मोनेला यातलं शास्त्र माहीत असायचं कारण नाही, त्याने ते बघून बघून मिळवलं.

१३ ऑक्टोबर

पाच नंबरचा स्टडी पक्का केला. भिंतीवर लावलाय, रोज आधी तो बघायचा आणि मग पॅलेट उघडायचं.

१७ ऑक्टोबर

जमीन टाकली, म्हणजे चित्राखालचा रंगीत थर. बर्न्ट सिएना आणि पांढरा, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून, मधली छटा, व्हॅल्यू ५च्या आसपास. इंप्रेशनिस्टांपैकी (मोने आणि त्याच्या बरोबरीचे चित्रकार) बरेच जण फिकट जमिनीवर काम करायचे, जुन्या तपकिरी जमिनी सोडून देणं हाच त्यांच्या उजेडाचा एक भाग होता, पण ते भर दुपारच्या उन्हासाठी. मला इथे निळ्या-करड्या फटकाऱ्यांच्या फटींमधून खालचा तांबूसपणा दिसायला हवाय, म्हणजे आकाश थंड असूनही मेलेलं वाटणार नाही.

पॅलेट: टायटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन, कोबाल्ट ब्लू, व्हिरिडियन, यलो ऑकर, कॅडमियम ऑरेंज, क्विनॅक्रिडोन रोझ, बर्न्ट सिएना. काळा नाही. खांबांसाठीसुद्धा अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून जो गडद होतो तोच, त्याला पाहिजे तेव्हा थंड किंवा गरम करता येतं, ट्यूबमधला काळा या उजेडात भोकासारखा दिसतो. अलिझरिन क्रिमझन मला मनापासून आवडतो पण पातळ थरात उडतो, त्यामुळे त्याच्या जागी क्विनॅक्रिडोन.

२१ ऑक्टोबर

पहिला थर, सगळा कॅनव्हास एकाच बैठकीत झाकला. मोठा ब्रश, डुकराच्या राठ केसांचा, कुठेही तपशील नाही. आकाश आणि पाणी एकत्रच पुढे न्यायचे, आकाश संपवून मग पाणी असं केलं की दोन वेगवेगळ्या दिवसांचे तुकडे जोडल्यासारखं होतं.

मोने याला आवरण म्हणायचा. १८९० मध्ये गवताच्या गंजी करत असताना कलासमीक्षक मित्र गुस्ताव्ह जेफ्रुआला लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटलंय की त्याला पाहिजे ते हे आवरण, सगळीकडे पसरलेला एकच उजेड. माझ्यासाठी त्याचा अर्थ कामापुरता असा, की सान जॉर्जोच्या विटेत, साल्युतेच्या दगडात, पाण्यात आणि हवेत, प्रत्येक मिश्रणात तो एक समान रंग थोडा तरी गेला पाहिजे. म्हणून मी कोबाल्ट, गुलाबी आणि पांढऱ्याचा एक मोठा ढीग आधी बनवून ठेवला आणि प्रत्येक छटा त्यातूनच पुढे काढली.

२४ ऑक्टोबर

आकाश. वरचा निळा हवा तेवढा खोल नव्हता, आज दुरुस्त केला. सूर्य खाली गेल्यावर डोक्यावरचं आकाश जे इतकं गर्द निळं होतं त्याला मुख्यतः ओझोन कारणीभूत असतो, तेव्हा उजेड वातावरणातून फार लांबचा तिरका प्रवास करून येतो आणि वाटेत ओझोन त्यातला पिवळा-नारिंगी भाग शोषतो. म्हणजे हा दिवसाच्या निळ्याचा नुसता अंधारलेला अवतार नाही, त्याची जातच वेगळी, जांभळ्याकडे झुकणारी. कोबाल्टमध्ये पांढरा कमी आणि थोडा क्विनॅक्रिडोन टाकल्यावर बरोबर बसला.

क्षितिजाजवळचा पट्टा मात्र पिवळा नाही ठेवला. वहीत लिहिलंय "पिकल्या जर्दाळूची साल, पण धुरकट". ऑकर, गुलाबी, पांढरा आणि चिमूटभर व्हिरिडियन, त्या हिरव्याने तो शांत झाला.

२९ ऑक्टोबर

इमारती. सान जॉर्जोची वीट लाल असते हे माहीत आहे, आणि माहीत आहे हीच अडचण आहे. उजेड कमी झाला की डोळ्याला लाल रंग आधी काळपट दिसायला लागतो आणि निळे-हिरवे त्या मानाने उजळ राहतात. पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नोंदवलं, म्हणून त्याचंच नाव पडलंय. तेव्हा मनोऱ्याची वीट लाल न रंगवता मातकट जांभळी, व्हॅल्यू ४, आणि पश्चिमेकडच्या कडेला फक्त आकाशातला धुरकट जर्दाळू हलका स्पर्श करून सोडला. साल्युते १६३१ मध्ये बांधायला घेतली, प्लेगच्या साथीनंतरचा नवस म्हणून, वास्तुकार लाँगेनाने तिला काय काय वेलबुट्ट्या आणि पुतळे दिलेत, जवळून बघताना मी हरखून गेले होते. चित्रात तिला एक घुमट, एक छोटा घुमट आणि मधली फट एवढंच. एवढ्या लांबून, एवढ्या उजेडात, तेवढंच खरं.

कडा ब्रशने नाही पुसल्या, आकाशाचा आणि घुमटाचा रंग दोन्ही ओले असताना एकमेकांत ओढले. डावीकडची कड पूर्ण हरवली, उजवीकडची जरा धरून ठेवली. सगळ्याच कडा हरवल्या की धुकं होतं, आणि हे धुकं नाही, ही स्वच्छ हवेची संध्याकाळ आहे.

३० ऑक्टोबर

हात लावला नाही. वाळू देतेय.

४ नोव्हेंबर

पाणी, आणि पूर्ण आठवडा हेच चालणार असं दिसतंय, मला त्याचं दुःख नाही, या चित्रासाठी उठावंसं वाटतं ते पाण्यासाठीच.

पाणी आरसा असतो हे अर्धंच. लांबचं पाणी आपण अगदी तिरक्या कोनातून बघतो, तिथे ते जवळजवळ आरसाच होतं आणि क्षितिजाचा उजेड परत देतं. पायाशी, सरळ खाली बघितलं तर पृष्ठभाग जेमतेम २ टक्के उजेड परत पाठवतो, उरलेलं आत जातं आणि पाण्याचा स्वतःचा रंग दिसायला लागतो, इथे उथळ खाजणाचा गढूळ हिरवा. शिवाय लहान लाटांचे आपल्याकडे झुकलेले उतार क्षितिजाचं आकाश न दाखवता वरचं, जास्त गडद आकाश दाखवतात. या दोन्हीमुळे पाणी खाली खाली येताना गडद आणि हिरवट-निळं होत जातं. वर आकाश क्षितिजाकडे उजळत येतं आणि खाली पाणी क्षितिजापासून गडद होत जातं, सगळ्यात उजळ पट्टा मधोमध, दोघांच्या सांध्यावर. तो सांधा मी एका ठिकाणी मुद्दाम दिसेनासा केलाय, सान जॉर्जो आणि साल्युतेच्या मधल्या मोकळ्या जागेत, तिथे पाणी कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते ते सांगता येत नाही.

फटकारे आडवे, पण लांबी बदलत. लांब पातळ आणि जवळजवळ, खाली येताना आखूड, जाड, सुटे. निळा आणि तो जर्दाळू पॅलेटवर एकत्र केला की चिखल होतो, शेजारी शेजारी ठेवला की पाणी हलतं. शेव्हरुल हा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या चित्रपट विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता, त्याने १८३९ मध्ये मांडलं की शेजारचे रंग एकमेकांना बदलतात, मूळ तक्रार होती काळा धागा फिका दिसतो अशी आणि दोष धाग्यात नव्हता, शेजारच्या रंगात होता. पाणी रंगवताना याचा रोज अनुभव येतो, एक करडा फटकारा नारिंगीशेजारी निळा दिसतो आणि तोच चार बोटं खाली तपकिरी.

७ नोव्हेंबर

प्रतिबिंबं. मनोऱ्याचं प्रतिबिंब मनोऱ्यापेक्षा थोडं उजळ, आकाशाचं प्रतिबिंब आकाशापेक्षा थोडं गडद, दोघं एकमेकांकडे सरकतात. म्हणजे पाण्यात अंतर आणखी कमी होतं, आणि पाण्याचा भाग वरच्या भागापेक्षा जास्त शांत वाटतो त्याचं हे एक कारण असावं.

प्रतिबिंबाची लांबी मोजत बसले नाही. हलत्या पाण्यात ते बघणाऱ्याकडे ताणलं जातं, कारण खूप अलीकडच्या लाटेचा एखादा उतारही बरोबर कोनात आला की मनोऱ्याचा तुकडा दाखवून जातो. तुकडे सुटे होत होत खाली येतात आणि शेवटचा कुठला ते ठरवणं हे माझं काम.

१२ नोव्हेंबर

मध्ये मोनेची व्हेनिसची चित्रं पुन्हा नीट बघत बसले. ऑक्टोबर ते डिसेंबर १९०८, तिथेच त्याला ६८ पूर्ण झाली, बायको अ‍ॅलिस बरोबर, दर दोनेक तासांनी जागा बदलायची, सकाळी सान जॉर्जो, मग दुसरा घाट, दुपारी समोरचे पालाझो, म्हणजे वाडे. ३७ कॅनव्हास सुरू केले आणि बरेचसे संपवले ते जिवेर्नीला घरी परत गेल्यावर, अ‍ॅलिस मे १९११ मध्ये गेल्यानंतर. मे १९१२ मध्ये पॅरिसला बर्नहाइम-जन गॅलरीत त्यातली २९ लावली. मला ती चित्रं आता वेगळी दिसतात. समोर पाणी नाही, बरोबर बघणारं माणूस नाही, आणि तरी तो जांभळा आणि केशरी तिथेच उभं राहून लावल्यासारखा ताजा. आठवणीतून केलेला उजेड कमी खरा असतो असं म्हणणाऱ्यांना मी ही चित्रं दाखवेन.

संध्याकाळचं मोठं चित्र कार्डिफच्या संग्रहालयात आहे, त्याचं भावंड टोकियोत. दोन्हीत आकाश माझ्यापेक्षा कितीतरी जास्त पेटलेलं, लाल-केशरी. माझी वेळ त्याच्यानंतरची आहे, त्याचा उजेड जिथे संपतो तिथून माझे दिवे सुरू होतात.

१८ नोव्हेंबर

दिवे. मुद्दाम इतके दिवस थांबले होते.

त्या भागातल्या जुन्या दिव्यांच्या काचा गुलाबीसर आहेत, त्यामुळे लागायच्या आधीही त्यांना रंग असतो आणि लागल्यावर उजेड सरळ पिवळा येत नाही. दिव्याचा गाभा जवळजवळ पांढरा, अगदी थोडं कॅडमियम ऑरेंज मिसळून, जाड, पॅलेट नाइफच्या टोकाने एकदाच टेकवलेला. त्याच्या भोवती वलय काढलं नाही. वलय काढलं की दिव्याचं चित्र होतं, उजेडाचं होत नाही. त्याऐवजी मागच्या भिंतीचा जांभळट करडा दिव्याजवळ येताना किंचित गरम केला, व्हॅल्यू न बदलता, आणि दिवा तेवढ्याने पेटला.

पाण्यातला दिवा मात्र वरच्यापेक्षा जास्त नारिंगी. वरचा इतका प्रखर की डोळ्याला पांढरा दिसतो, पाण्यात त्याची प्रखरता कमी होते आणि मग त्याचा खरा रंग कळतो. उजेडाच्या पट्ट्या प्रत्येक दिव्याच्या बरोबर खाली, उभ्या, एकमेकींना समांतर. पंख्यासारख्या पसरवायचा मोह होतो कारण काठ वळतोय, पण काठ कितीही वळला तरी पट्टी दिव्याखालीच पडते.

सगळे दिवे लावले नाहीत. ओळीतले तीन स्पष्ट, बाकीचे भिंतीच्या व्हॅल्यूतच ठेवलेले गुलाबी ठिपके, लागत आहेत की लागलेत ते कळू नये असे. ही वेळच अशी आहे की सगळे दिवे एकदम लागलेले नसतात, नजर टाकावी तिथे एक नवीन दिसतो.

२० नोव्हेंबर

मोबाइलवर काळापांढरा फोटो काढून भिंतीवरच्या स्टडीशेजारी धरला. तीन दिवे दिसतात, बाकी सगळं एक मऊ करडं. उजवीकडचा तिसरा दिवा व्हॅल्यूत थोडा खाली उतरवला, तो काठाला फ्रेमबाहेर ढकलत होता. साल्युतेच्या घुमटाची जी कड हरवली होती ती तशीच राहू दिली.

२५ नोव्हेंबर

खांब. दोन फटकारे प्रत्येकी, अल्ट्रामरीन-सिएना, पाण्याच्या रेषेशी शेवाळाचा हिरवा. हे गडद आल्यावर मागचं सगळं एका झटक्यात लांब गेलं, हवा आली मध्ये. एकाच्या प्रतिबिंबात आकाशाचा एक आडवा तुकडा घुसवला, त्यामुळे खांब पाण्यात रुतलेला वाटतोय.

एक गोंडोला घालायची का यावर बराच वेळ ब्रश हातात घेऊन उभी होते. नाही. गोंडोला आली की गोष्ट सुरू होते, कोण बसलंय, कुठे चाललेत, आणि माझ्या चित्रात कोणीही कुठेही चाललेलं नाहीये, उजेड तेवढा चाललाय.

१ डिसेंबर

सही खाली डावीकडे, पाण्याच्याच निळ्यात. जाड थर दिव्यांपाशी आणि खालच्या पाण्यात आहेत, त्यामुळे वॉर्निश सहा महिन्यांनीच, तोपर्यंत भिंतीवर उघडं राहील, उन्हापासून लांब. टांगलंय तिथला बल्ब पिवळा होता, त्यात सगळे निळे मळकट दिसत होते, तो बदलून दिवसाच्या उजेडाजवळचा लावला आणि वरचं आकाश पुन्हा जागेवर आलं.

पुढचा कॅनव्हास याच मापाचा, जागा तीच, वेळ सकाळची. तेव्हा सूर्य पाठीमागून येईल, साल्युतेचा दगड उजळेल आणि सावल्या जवळजवळ दिसणारच नाहीत, म्हणजे व्हॅल्यू जवळजवळच राहणार पण सगळ्या वरच्या टोकाला, ७ ते ९. जमीन या वेळी सिएना नाही, फिकट करडी.